गव्हर्नर पोपटरावांचं उघडं दार

पोपटराव मूळचे कराडचे. कतारमध्ये, दोह्यात नव्या स्टेडियमला पाइप पुरवणाऱ्या कंपनीत ते अकाउंट्स सांभाळायचे, पण बोलायचे असे, की रिझर्व्ह बँक रोज सकाळी यांना विचारूनच उघडते. २०१७च्या जूनमध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या, दुकानांतलं सौदी दूध दिसेनासं झालं, आणि अल दुहैल भागातल्या त्यांच्या कंपाउंडने, म्हणजे एकाच आवारातल्या व्हिलांच्या वसाहतीने, घरोघरचे दूध पावडरचे डबे एकत्र करून पोपटरावांच्या हॉलमध्ये ठेवले. लोक त्याला सेंट्रल बँक म्हणू लागले आणि त्यांना गव्हर्नर. हे त्यांना मनापासून आवडलं.

नियमही त्यांचेच. पोरंबाळं आधी, चहा नंतर. आणि कुठलाही निर्णय दार सताड उघडं ठेवून.

पहिल्याच बैठकीत उन्हाची झळ थेट आत आली. ओढणीने वारा घेत त्यांच्या पत्नी मालविकाताई म्हणाल्या, "अहो गव्हर्नर, सगळं दोहा गार करायचा मक्ता घेतलाय का?"

पोपटरावांनी लगेच दुरुस्ती मंजूर करून घेतली: आणीबाणीत दार लावता येईल. आणि ऊन हीच आणीबाणी ठरवून दार लावलं.

बाहेर चपलांचा ढीग आणि दार बंद. समोरच्या व्हिलातल्या शहाजीने ते पाहिलं आणि ग्रुपवर टाकलं, 'आत काहीतरी शिजतंय. दूध संपलं बहुतेक.' तासाभरात सगळे आपापले डबे परत मागायला हजर.

मागे चिपळूणच्या ताहेरुन्निसाभाभी दीड वर्षाच्या नातीला घेऊन उभ्या होत्या. "सगळे घेऊन गेले तर माझी इनाया काय पिणार हो?"

"दूध आहे," पोपटराव म्हणाले. "दार एसीसाठी लावलं."

"बुडणारी प्रत्येक बँक असंच सांगते," शहाजी म्हणाला.

पोपटराव आत वळले. मग एकेक करून सगळे डबे बाहेर पायरीवर मांडले, शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि भर उन्हात बसले. "बैठक सुरू. डबा न्या, पण कशाला हवा ते सगळ्यांसमोर सांगून."

शहाजी पुढे झाला. इनाया त्याच्याकडे टक लावून बघत होती. "मला... कॉफीला."

"कोरी प्या," मालविकाताई म्हणाल्या.

हशा पिकला. घाम मानेवरून ओघळत होता. "खलास, राहू दे," म्हणत शहाजी सटकला, आणि बाकीचेही एसीकडे पांगले. भाभींनी एक डबा उचलला. उरलेले जागच्या जागी.

"दुरुस्ती रद्द," पोपटराव म्हणाले. "आणीबाणीत बैठक उन्हातच." आणि ऐटीत उठले, तर खुर्चीही त्यांना चिकटून उठली.