अनवाणी वॉर्ड

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. माझं पोस्टिंग पुलगावजवळच्या एका लहानशा लष्करी इस्पितळात होतं. मी नर्सिंग ऑर्डर्ली. आज कुणी अतिदक्षता विभागातल्या मशिनांचं कौतुक करू लागलं, की मला आमचे डॉक्टर, कॅप्टन प्रधान आठवतात. त्यांच्याकडे मशीन एकही नव्हतं.

आष्टीचा सिपाही किसन भोयर रजेवरून धनुर्वात घेऊन आला. शेतात वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, पायाला लागली होती, घरच्यांनी जखमेत शेण भरलं होतं. जरा आवाज झाला, उजेड पडला, की सारं अंग आखडायचं आणि श्वास कोंडायचा. साहेबांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि ऑर्डर काढली: वॉर्डात बूट नाहीत, हाक नाही, सॅल्यूट नाही. सुभेदारसाहेब भडकले. "इस्पितळ आहे की देऊळ?" म्हणाले. पण बूट काढले.

इंजेक्शनं कुणीही देतं. साहेब खाटेशी बसून राहायचे आणि उगाच काही करायचे नाहीत, ते मी पुढे फार थोड्या डॉक्टरांत पाहिलं. झटके कमी होत गेले. एका सकाळी किसन दातांतून बोलला, "साहेब, मी मरून राह्यलो का?"

"नाही. आठवडाभर असाच पडून राहा. मग घरी."

"मायले सांगजा."

साहेब दाढी करायला गेले. तेवढ्यात आमचे कर्नल, सी.ओ. साहेब आले. मनाचा फार चांगला माणूस. दारातच बूट काढून, पाय न वाजवता आत आले आणि जवानाची विचारपूस करायला वाकले. किसनने डोळे उघडले. समोर कर्नल! पडल्या पडल्या त्याने टाचा जुळवल्या, हात कपाळाकडे नेला. तिथेच झटका आला.

"लेटे रहो!" सी.ओ. ओरडले. "प्रधान को बुलाओ!"

मी किसनला धरून ठेवलं. साहेब अर्ध्या तोंडाला साबण घेऊन धावत आले. श्वास काही परत आला नाही.

मला संताप आला होता, पण तो काढणार कुणावर? कर्नल मायेने आले होते. किसनने आम्ही फौजेत शिकवलं तेच केलं होतं. प्रधानसाहेब एवढंच म्हणाले, "आवाजाचा विचार केला, उजेडाचा केला. तो सोल्जर आहे, याचा नाही केला."

आष्टीला ते स्वतः गेले, मला घेऊन. किसनच्या आईने विचारलं, "लय तरास झाला का जी त्याले?"

मला वाटलं, नाही म्हणतील. कुणीही तसंच म्हटलं असतं.

"हो आई. झाला."

"तुमी होते जवळ?"

"नव्हतो. हा होता."

तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि डोळ्यांना लावले. साहेब बाजूला उभे होते. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही.

सिपाही किसन भोयर, वय बावीस. घरी आला असता.