खोकला आला की वाटे मोडा

श्री. मारुतराव कोंढाळकर, म्हणजे आपल्या सर्वांचे अप्पा, यंदा साठ वर्षांचे झाले. या गौरवग्रंथासाठी मीही चार शब्द लिहावेत असा समितीचा निरोप आला, तेव्हा आधी मी नाहीच म्हणणार होतो. मी जन्माचा भित्रा. जे लिहायचे आहे ते संस्थानी अमदानीतले, आणि संस्थान विलीन झाले असले तरी लिहिताना दाराकडे बघायची माझी सवय अजून गेलेली नाही. ज्या बड्या अंमलदारांचा पुढे उल्लेख येईल त्यांचे नाव मी आजही लिहीत नाही. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

भोरच्या शाळेत मी कारकून म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी अप्पांची पहिली भेट झाली. हेडमास्तरांसाठी सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद मी वाळत ठेवला होता. खिडकीतून फुटबॉल आला आणि दौतीसकट सगळे टेबल न्हाऊन निघाले. पहिल्याच दिवशी घरी जायची वेळ आली, असे मी धरून चाललो. इतक्यात खाकी चड्डीतले एक उंच गृहस्थ आत आले, त्यांनी शाईने माखलेला चेंडू उचलला आणि हेडमास्तरांना म्हणाले, "साहेब, चेंडू माझा, तेव्हा शाईही माझीच. यांना बोलू नका." ते कवाईत मास्तर होते. दुसऱ्याच्या वाटणीचे बोलणे स्वतःकडे ओढून घ्यायची ही त्यांची खोड मी पुढे पुष्कळदा पाहिली.

भोरात फुटबॉल आणला तो अप्पांनीच. नीरेकाठच्या मैदानावर त्यांनी शेतकऱ्यांची, सुतारांची, धनगरांची पोरे गोळा केली आणि आमचे छोटेसे मंडळ उभे केले. बूट कुणाच्याच पायात नव्हते. गोलात उभा राहायचा तो वेल्ह्याच्या डोंगरातल्या धोंडिबा धनगराचा मुलगा बिरू. मेंढरे अडवता अडवता तो चेंडू अडवायला शिकला, असे अप्पा कौतुकाने सांगत. मंडळाचे कागदपत्र माझ्याकडे असत, कारण पायाने मी कधीच काही करू शकलो नाही.

एका वर्षी पुण्याच्या छावणीतला एक नावाजलेला संघ आमच्याशी खेळायला येण्याचे ठरले आणि सगळा मुलूख हलला. कामथडी, शिवरे, भोंगवली, वरची धनगरवाड्यांची माणसे, झाडून सगळ्यांना सामना बघायचा होता. पण बसायचे माच लाकडी. आदल्या वर्षी कुस्त्यांच्या वेळी गर्दीने एक माच कोसळला होता आणि एका म्हाताऱ्याचा पाय कायमचा अधू झाला होता. त्यामुळे माच पेलतील तेवढीच तिकिटे, वर एकही नाही, असे अप्पांनी जाहीर केले. तिकिटे मूठभर आणि मागणारे शिवारभर! त्यात आणखी एक मेख होती. फाल्गुन सरत आला होता, ऊन मी म्हणत होते, आणि सावली एकाच बाजूला होती, आंब्यांखालच्या माचावर. बाकीच्यांनी डोळ्यांवर ऊन घेत बसायचे.

अप्पांनी तोड काढली ती आपल्याच रीतीतली. जत्रेत बकऱ्याचे वाटे घालतात तसे एकेका माचाच्या तिकिटांचे वाटे घालायचे. तरुण वाचकांसाठी सांगतो. एकजण सगळे वाटे मांडतो आणि एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, हा कुणाचा? दुसरा त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला काठी दिसत नाही. तो तोंडाला येईल ते नाव घेतो, आणि ज्याचे नाव त्याचा वाटा. नाव घेणाऱ्याने स्वतःचे नाव घ्यायचे नसते. सगळ्यांचे झाल्यावर उरेल तो त्याचा. प्रत्येक गावाला एक, दरबारी मंडळींना एक आणि आमच्या मंडळाला एक, असे वाटे ठरले. मी कुठल्याच गावचा नव्हे, म्हणून नावे घ्यायचे काम माझ्यावर आले.

आदल्या दिवशी त्या अंमलदारांचा हवालदार कचेरीत येऊन माझ्या टेबलावर बसला.

"कारकून, काठी आंब्याखालच्या वाट्यावर आली की म्या खोकनार. मी खोकलो की तुमी सायबांचं नाव घ्यायचं. समजलं का?"

"आणि नाही घेतलं तर?" मी कसेबसे विचारले.

"तर तुमी हितं न्हाई, आन् तुमचं मास्तर बी न्हाई," असे म्हणून तो सुपारी कातरत निघून गेला.

त्या काळी हे नुसते बोलणे नव्हते. एका चिठोऱ्यावर माणूस बिऱ्हाडासकट उठत असे, आणि दाद मागायची कुठे, तर ज्याने उठवले त्याच्याकडेच. मी तडक अप्पांचे घर गाठले. ते पिठले-भाकरी खात होते. मी सगळे सांगितले. अप्पांनी घास संपवला आणि म्हणाले, "मग उद्या नावं मी घेतो. तुम्ही समोर बसून लिहून घ्या."

"अहो अप्पा, नोकरी जाईल तुमची. पदरात मुलं आहेत."

"भीती मलाही वाटते हो," अप्पा म्हणाले. "पाठ करून उभं राहिलं की लोकांना ती दिसत नाही, एवढाच त्यातला फायदा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर धोंडिबांनी आपली घोंगडी अंथरली आणि तिच्यावर तिकिटांचे वाटे मांडून एकेकावर दगड ठेवला. लोक रिंगण धरून बसले. अंमलदार खुर्चीवर, हवालदार त्यांच्या मागे. अप्पा रिंगणाच्या कडेला सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या समोर फक्त मी होतो. धोंडिबांनी आंब्याखालच्या वाट्यावर काठी टेकवली आणि विचारले, "ह्यो कुनाचा?" तोच हवालदार मोठ्याने खोकला.

मी मान खाली घातली. मग अप्पांचा आवाज आला, "धोंडिबा, खोकला आला. वाटे मोडा."

"मोडू?"

"मोडा. दगड हलवा, जागा बदला, आणि नव्याने विचारा."

अंमलदारांचा चेहरा बघायची माझी छाती नव्हती. धोंडिबांनी वाटे मोडले, कालवले, परत मांडले. काठी पुन्हा सावलीवर आली आणि हवालदार पुन्हा खोकला. अप्पा पुन्हा म्हणाले, "मोडा." त्यांनी हात पोटाशी धरले होते, आणि ते हात थरथरत होते. लोकांना दिसत होती ती ताठ पाठ. हात मी एकट्याने पाहिले.

तिसऱ्या खेपेला हवालदारासकट कोणीच खोकले नाही. शिवऱ्याच्या एका दमेकरी म्हाताऱ्याने तर मुंडाशाचा सोगा तोंडात कोंबला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. धोंडिबांनी विचारले, "ह्यो कुनाचा?" आणि अप्पा म्हणाले, "दरबारी मंडळींचा."

काठी सावलीवर होती. सरळ, न खोकता, सावली अंमलदारांनाच आली! मला वाटले, आता लोक उसळणार, मास्तर फितूर झाले म्हणणार. पण दोनदा वाटे मोडलेले सगळ्यांनी पाहिले होते. भोंगवलीचे पाटील एवढेच म्हणाले, "आली त्यांस्नी. आपलं काय म्हननं न्हाई." वेल्हेकरांना भर उन्हातला माच आला. मंडळाला उरली ती नाल्याकडची बाजू.

अंमलदार मात्र काही न बोलता उठले. चार माणसांत पाणउतारा झाला तो त्यांना सावलीने भरून मिळणार नव्हता. सामन्याला ते आले नाहीत, त्यांचे कोणीच आले नाही. आंब्याखालचा माच मोकळा, आणि बाकीची माणसे घाम पुसत बसलेली. बिरू चेंडूवर झेपा घेत होता, पण लोकांचे अर्धे डोळे त्या मोकळ्या माचाकडे आणि त्याच्यामागच्या रस्त्याकडे होते. मी तर खेळ पाहिलाच नाही. मध्यंतरात धोंडिबा डोक्यावर घोंगडी घेऊन आले.

"मास्तर, सावली वाया चालली की. म्हातारी मानसं तरी बसवू का तितं?"

"नको धोंडिबा. वाटा त्यांचा आहे. उशिरा आले तर बसतील कुठं?"

"व्हय, त्ये बी खरंच," असे म्हणून धोंडिबा परत उन्हात जाऊन बसले. तिथे कोणी बसले नाही, कोणी टोपीसुद्धा ठेवली नाही. सामना आम्ही हरलो.

पुढच्याच आठवड्यात चिठोरे आले. अप्पांची बदली वेल्ह्याच्या डोंगरात, जिथे पावसाळ्यात भिंतींना शेवाळ येते अशा शाळेवर. माझ्या केसालाही धक्का लागला नाही. मी निरोप द्यायला गेलो. अप्पाच म्हणाले, "बरं झालं, बिरूचं गाव जवळ आलं." तिथे धनगरवाड्याने त्यांना पोटच्यासारखे सांभाळले आणि त्यांनी तिथल्या पोरांना शिकवले. संस्थान गेल्यावरच ते भोरात परतले. येताना डोंगरातली थंडी छातीत घेऊन आले.

परवा या सत्काराच्या मंडपातल्या जागा ठरवायला आम्ही जमलो होतो. पुढच्या रांगा बड्या मंडळींना राखून ठेवाव्यात अशी सूचना निघताच अप्पांनी वाटे घालायला लावले आणि नावे घ्यायला स्वतः पाठ करून उभे राहिले. धोंडिबांनीच काठी टेकवली. "ह्यो कुनाचा?" आणि अप्पांना खोकला आला. तो थांबेचना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खोकले, आणि श्वास जुळताच हसून म्हणाले, "मोडा वाटे."

सगळे खो खो हसले. मला हसू आले नाही. त्या हवालदाराच्या खोकल्याला मी भ्यालो होतो, पण या खोकल्याला त्याहून जास्त भ्यालो.

म्हणून अप्पा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य मागताना तुमच्याच रीतीची आठवण देतो. नाव घेणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा असतो. आम्हा सगळ्यांची नावे आधी घ्या, माझेही घ्या. तोपर्यंत तुम्ही जागेवरून हलायचे नाही.