पायाले हात

नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावला तर पाप बायकोले लागते, असं माही माय सांगे. नवऱ्याले काहीच लागत नाही. लहानपणी कानात भरलेलं, ते काही निघत नाही.

दोन वर्षांमांगं मले लकवा मारला. हात सुधारला, डावा पाय तसाच लुळा राह्यला. आर्णीच्या घरात मी भिंतीले धरून चालते, चप्पल सून घालून देते. अशात पुण्याच्या पुतण्यानं दोघा भावायची अन् आम्हा दोघी जावायची मुंबई-गोवा जहाजाची तिकिटं काढली. आमच्या यायले तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. बसस्टँडजवळ सायकलीचं दुकान, उभा जन्म पंक्चर काढण्यात गेला. एकच बोलणं होतं त्यायचं, चारीकडून पाणी अन् काठ म्हणून नाही, असं एकदा डोळ्यानं पाहाचं. माह्यासाठी कुठूनशी जुनी चाकाची खुर्ची आणली. नवे टायर टाकले, ग्रीस भरलं, बसाले गादी शिवून घेतली. इतका जीव त्यायनं कोणत्या गिऱ्हाइकाच्या सायकलीवर लावला नसन.

जहाजाच्या चढणीवर माहा डावा पाय खुर्चीच्या पाय ठेवाच्या पट्टीवरून घसरला अन् खाली घासाले लागला. हे समोर आले, वाकले, दोन्ही हातानं पाय उचलून वर ठेवला. मांगं भासरे उभे. भासरे म्हणजे यायचे मोठे भाऊ. त्यायच्यासमोर मी लग्नापासून डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, कधी तोंड वर करून बोलली नाही. जाऊबाई पदर तोंडाले लावून हासल्या. धरणी फाटून पोटात घेईन तर बरं, असं झालं मले. पण तिथं धरणीही नव्हती.

खोलीत गेल्याबरोबर मी सांगून टाकलं, मले चक्कर येते, मी आता बाहेर निघत नाही. चक्कर कायची अन् काय! समुद्र पाहाले वर जायचं म्हणजे दर वळणावर यायनं पायाशी वाकायचं, अन् भासऱ्यायनं पाहाचं. यायले म्हटलं, तुम्ही जा खुशाल.

"तुले सोडून काय पाहू?" म्हणाले, अन् बसले पलंगावर.

स्वस्तातली खोली, खिडकी नव्हती. समोरच्या भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, ते पाहात बसले. गोवा आला, भासरे अन् जाऊबाई उतरून फिरून आले, दरवाजातूनच सगळं सांगून गेले. यायनं हाव हाव म्हणत ऐकून घेतलं. मले कीव येत नव्हती असं नाही. येत होती. पण लाज तिच्यापेक्षा मोठी निघाली, अन् माहा हट्ट तर आर्णीत सगळ्यायले माहीत आहे.

परतीच्या सकाळी भासरे आले. नेहमीसारखं माह्याकडे न पाहता भावाले म्हणाले, तिले खुर्चीत बसव. त्यायचा शब्द कसा मोडू, मी बसली. पाय खाली लोंबत होता. हे वाकतील तेवढ्यात भासरेच खाली बसले अन् माहा पाय उचलून पट्टीवर ठेवला. गुडघ्याले हात देऊन उठले, अन् लग्नापासून पहिल्यांदा सरळ मलेच बोलले.

"माहा भाऊ दोन दिवस भिंत पाहून राह्यला, बाई."

मी दरवाजाकडे हात केला.

लिफ्टनं वर गेलो. वारा जोरात होता. समोर मुंबई येऊन ठेपली होती, बिल्डिंगा, क्रेन, मासोळीवाल्यायच्या बोटी. जिकडं पाहावं तिकडं काठ. हे कठड्याले धरून लय वेळ उभे राह्यले. मस्त आहे, म्हणाले.

आर्णीले आलो त्या संध्याकाळी शेजारपाजारचे अंगणात जमले. कसा आहे समुद्र, म्हणून विचारून राह्यले होते. हे खुर्चीमांगं उभे होते.

"चारीकडून पाणी," म्हणाले. "काठ म्हणून नाही."

हा माणूस गिऱ्हाइकाले एक पंक्चर असलं तर दोन सांगत नाही. भासरे तिथंच बाजेवर बसले होते, ते खाली पाहात राह्यले. शेजारीण मले म्हणाली, काकू, तुमी बी पाह्यला का? यायनंच उत्तर दिलं.

"तिनंच तर मले दाखवला."

सगळे हासले. आत जायच्या वेळी पाय पुन्हा घसरला होता. हे समोर येऊन वाकले. भासरे होते, जाऊबाई होत्या, अर्धी गल्ली पाहून राह्यली होती. मी नको म्हटलं नाही.