सुसज्ज खोलीतला पलंग

कॉलेजात विद्यार्थी सुविधांची फाईल माझ्याकडे होती. मी तिथला हेडक्लार्क, म्हणजे वर्ध्याच्या बोलीत बडे बाबू. दरवर्षी त्या फाईलमध्ये एक ओळ भरावी लागे : आजारी विद्यार्थ्यांसाठी विश्रांतीची खोली आहे काय? ‘आहे’ एवढं लिहून भागलं असतं. पण आपलं मराठी चांगलं आहे असा माझा समज होता, म्हणून एका वर्षी मी ‘आहे, सुसज्ज’ असं टाइप केलं. पुढची पाच-सहा वर्षं मी माझीच नक्कल करत गेलो. प्रत्यक्षात त्या खोलीत व्हॉलीबॉलची फाटकी जाळी, तीन पायांचे बेंच आणि गॅदरिंगचे पडदे होते.

दोन हजार सालानंतर कॉलेजांना दर्जा देणाऱ्या समित्या फिरायला लागल्या. आमचीही तारीख लागली. प्राचार्यांनी ती फाईल वाचली, बहुतेक पहिल्यांदाच, आणि मला आत बोलावलं.

“बडे बाबू, हे सुसज्ज कोनं लिवलं?”

“मीच, सर.”

“मंग करा आता. परवा समिती येऊन राह्यली.”

खोली झाडून झाली, चुना मारून झाला. राहिला पलंग. प्राचार्य म्हणाले, “तुमच्या वडलांचा तो दवाखान्याचा पलंग आहे न घरी? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.” ते वडिलांना बघायला नालवाडीला आमच्या घरी येऊन गेले होते, तेव्हा त्यांनी तो पाहिला होता. मी “आहे, सर” म्हणालो. ‘आहे’ म्हणायची मला सवयच लागली होती.

वडील सिंदी रेल्वेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांना लकवा मारला, डावं अंग गेलं. गिळायचा त्रास होता. आडवं ठेवून घास दिला की ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. खुर्चीत बसवलं तर घसरायचे. म्हणून बंद पडलेल्या एका नर्सिंग होममधून तो लोखंडी पलंग आणला होता. पायथ्याशी हँडल होतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. त्यावर ते जेवत होते, म्हणून जगत होते.

बायकोनं एकच विचारलं, “मंग बाबाले जेवू कसं घालाचं?”

मी म्हणालो, “दोनच दिवस.”

वडील जिभेचा अर्धाच भाग वापरून बोलायचे. “ने बे,” ते म्हणाले. “कॉलेज पास झालं पाह्यजे तुहं. तू तं दोनदा राह्यला होता.”

पलंग ठेल्यावर गेला. घरी जमिनीवर गादी घातली. जेवणाच्या वेळी बायको वडिलांच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि मी समोरून भरवायचो. ती दाराकडं तोंड करून बसलेली असायची, आणि सगळं जेवण होईपर्यंत तिला हलता यायचं नाही.

समितीत तिघं होते. त्यातल्या बाईंनी हँडल फिरवून पाहिलं. डोक्याकडची बाजू मुकाट्यानं वर आली. “अरे वा,” त्या म्हणाल्या, “ये तो हमारे यहाँ भी नहीं है. कितने बच्चे इस्तेमाल करते हैं?”

“रोज एक तरी, मॅडम,” मी म्हणालो. हे तसं खोटं नव्हतं. रोज एकच, पण चोवीस तास.

दर्जा चांगला मिळाला. अहवालात विद्यार्थी सुविधांचं कौतुक होतं आणि विश्रांतीच्या खोलीचा खास उल्लेख होता. मला स्टाफरूममध्ये शाल आणि नारळ दिला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, “किती मार्क भेटले?” मी दर्जा सांगितला. “बरा आहे,” ते म्हणाले. “पलंग कधी येते?”

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो, तर पलंगाच्या पायावर पांढऱ्या पेंटनं कॉलेजचं नाव आणि नंबर घातलेला. स्टोअरवाल्यानं सुविधा म्हणून त्याची सामानाच्या रजिस्टरमध्ये नोंद करून टाकली होती. नोंदलेली वस्तू बाहेर काढायची तर ती मोडीत निघाल्याचा ठराव लागतो. रजिस्टर त्यानं माझ्यापुढं धरलं. पडताळणीची सही माझीच लागायची. मी केली. आजवर मी कुठल्या रजिस्टरला नाही म्हटलेलं नाही.

प्राचार्य म्हणाले, “थोडे दिवस राहू द्या, समिती परत तपासाले आली तं?” थोडे दिवस म्हणजे महिना झाला. घरी ठसके वाढले होते. शेवटी एका शनिवारी मी कोणाला न विचारता ठेलेवाला घेऊन कॉलेजात गेलो.

पलंगावर एक मुलगी झोपली होती. समुद्रपूरकडची, दुसऱ्या वर्षाची. सकाळच्या एसटीनं ताप अंगावर घेऊन आली होती आणि परतीची गाडी साडेतीनला होती. शेजारी बसलेली मैत्रीण वहीनं वारा घालत होती. मला पाहून मुलगी उठायला लागली.

“उठू का, सर?”

“झोप.”

मैत्रीण म्हणाली, “मागच्या वर्षी हिले बसस्टँडवरच लेटा लागलं होतं, सर. यंदा बरं आहे.”

बाहेर ठेलेवाल्यानं विचारलं, “साहेब, न्याचा का नाई?”

“नाई,” मी म्हणालो. तेव्हा मला वाईट वाटलं नाही की बरंही वाटलं नाही. मी सायकल काढली.

घरी जेवण सुरू होतं. मी बायकोच्या हातून ताट घेतलं, ती पाठीमागं जाऊन बसली.

“आणला काय?” वडील म्हणाले.

“एक पोट्टी झोपली होती, बाबा. ताप होता तिले.”

“उठवलं तं नाई न?”

“नाई.”

त्यांनी घास बराच वेळ तोंडात घोळवला. मग म्हणाले, “डोक्याकडून वर करून देल्लं का तिले? हँडल फिरवून?”

“नाई.”

“काऊन? तापात बरं वाटते.”

सोमवारी मी जाऊन भिंतीवर कागद चिकटवला : हँडल उजवीकडे फिरवावे, डोके वर येते. तसाच दुसरा पलंग वर्ध्यात कुठं मिळाला नाही. नागपूरच्या एका दुकानदारानं दिवाळीनंतर देतो म्हणून सांगितलं.

वडील पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेले. जेवताना नाही, पहाटे झोपेत. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला, त्यानं विचारायच्या आधीच, सांगत होतो.