चुलत्याच्या मीटरवरची खिडकी

मी गेम खेळायला शिकले ती बाळंतपणात. सासरी मुरबाडला हे मी फारसं मोठ्यानं सांगत नाही. बाळंतिणीनं कानाला फडकं बांधून पडून राहावं, डोळ्यांना ताण देऊ नये, हा आमच्या आईचा कायदा. आणि मी माहेरी, किन्हवलीच्या पुढं आमच्या आळीत, पोर मांडीवर घेऊन धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरसमोर बसलेली. आधी तो बटणं दाबायचा आणि मी कुठं वळायचं ते सांगायचे. मग त्याला माझं सांगणं सोसेना, म्हणाला, तूच खेळ गो बाई. आई आतून बडबडायची, डोळे जातील, मग पोरीला कोण बघंल. डोळे काही गेले नाहीत. पुढं चष्मा लागला तो ब्लाउज शिवून शिवून.

गेम असा होता. जमिनीखाली एक शहर, आणि त्यातले दिवे, पाणी, दारं, हवा सगळं एक यंत्र चालवतं. यंत्राला माणसासारखी अक्कल आणि बाईचा आवाज. काय सभ्य बोलायची! 'कृपया मागे फिरा, आम्हाला आपली काळजी आहे' असं म्हणत दार लावून घ्यायची आणि आतली हवा बंद करायची. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. शेवटी आपण तळाला पोचतो, भिंतीवरच्या तीन दांड्या खाली ओढतो, अख्खं शहर अंधारात बुडतं आणि बाईसाहेबांचा आवाज बंद होतो. मग वर यायचं. वर आल्यावर मागं वळून खाली पाहिलं, तर त्या काळोखात लांब कुठंतरी एकच खिडकी पिवळी दिसते. तिथंच गेम संपतो.

या एका खिडकीवरून जगभरातली पोरं भांडतायत. बाईसाहेब मेल्या की जिवंत आहेत? कुणी म्हणतं, तिनं स्वतःची नक्कल दुसरीकडं ठेवली होती. कुणी म्हणतं, खेळणाराच खाली मेला आणि ते वर येणं म्हणजे त्याला पडलेलं स्वप्न. कुणी म्हणतं, चित्र काढणारा एक दिवा विझवायला विसरला, एवढंच. गेम काढणारी कंपनी तोंडात मूग गिळून बसलेली. आम्हा दोघांचंही यावर जुंपायचं. मी म्हणायचे, मेलं ते मेलं, उगाच आशा कशाला लावायची. तो म्हणायचा, दिवा आहे म्हणजे कोणीतरी आहे.

हा माझा भाऊ भिवंडीकडं एका गोदामात कामाला होता. ती नोकरी त्यानं सोडली आणि घरात बसून कॉम्प्युटरवर दुसरं काम धरलं. कुठल्याशा कंपनीचे नवे गेम खेळून बघायचे, त्यातल्या चुका शोधून कळवायच्या. बाबांना त्यानं सांगितलं नाही, कारण बाबांना सांगणं म्हणजे आगीत हात घालणं. पण आळीत गोष्ट किती दिवस लपणार? जयंतीच्या आदल्या दिवशी मंडप बांधायचं काम चालू होतं, सगळी आळी जमलेली, आणि कुणीतरी बाबांना टोमणा मारला की पोरगा दिवसभर गेम खेळतो आणि बाप इथं बांबू उचलतो. बाबांनी त्याला तिथंच विचारलं. तो म्हणाला, हेच माझं काम आहे. बाबा म्हणाले, खेळणं हे काम असतं का? आणि त्याच्या कानाखाली वाजवली. पंचविशी उलटलेला पोरगा, बायाबापड्यांसमोर. संध्याकाळी कॉम्प्युटर चादरीत बांधला आणि निघून गेला.

त्यानंतर त्याचा नंबर बंद झाला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई अगदी गोड आवाजात सांगायची. मी त्या बाईला इतक्या शिव्या घातल्यात की विचारू नका. पुण्याकडं दिसला, एवढं त्याच्या एका मित्रानं सांगितलं, बस. दोन जयंत्या त्याच्याशिवाय झाल्या. आई नुसती बारीक होत गेली. मी मुरबाडहून कधी गेले की दारातच माझ्या तोंडाकडं बघायची, काही कळलं का म्हणून. मला त्या दारात पाय टाकायची धास्ती वाटायला लागली. बाबांसमोर त्याचा विषय काढायचा नाही, असं ठरलेलं. कुणी ठरवलं होतं ते मात्र कुणालाच माहीत नाही.

मी त्या गेमवेड्यांच्या मराठी ग्रुपमध्ये शिरले ती करमत नव्हतं म्हणून. शिलाईच्या मशीनवर मोबाईल टेकवून वाचत बसायचे. भावाशी भांडल्यासारखं वाटायचं तेवढंच. तिथं कुणीच खऱ्या नावानं नव्हतं, मीही नव्हते. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही कापत होते आणि खिडकीवरच्या त्याच जुन्या वादात कुणीतरी लिहिलेलं वाचलं: 'ती मेलेली नाय. तुमी दांड्या ओढल्या त्या तिच्या मीटरच्या. ती खिडकी चुलत्याच्या मीटरवर आहे.'

माझी कात्री तिथंच थांबली. बाही वाकडी गेली, ती आजतागायत वाकडीच आहे.

कारण असं. आजा गेल्यावर बाबा आणि चुलता वेगळे झाले. घराच्या मधे भिंत घातली, चुली दोन झाल्या, मीटर दोन घेतले. पण मोरीच्या बल्बची वायर त्याआधीची, ती चुकून चुलत्याच्या बाजूलाच राहिली. आमच्याकडचा फ्यूज उडाला की अख्खं घर काळंकुट्ट व्हायचं आणि मोरीची खिडकी तेवढी उजळलेली. मी आणि भाऊ मोरीच्या उंबऱ्यावर पुस्तकं घेऊन बसायचो. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचंच नाही. घर म्हटलं की एक खिडकी चुलत्याच्या मीटरवर असणारच, असं आम्ही धरून चाललेलो. जगाच्या पाठीवर दुसरं कोण त्या गेमकडं बघून असं बोलेल? आम्ही पुणं धुंडाळायच्या गोष्टी करत होतो आणि हा माझ्या मशीनवर बसलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

ग्रुपमधल्या पोरांना यातलं काय कळणार? त्यांनी विचारलं, हा चुलता कोण? हा डांबिस काही बोलेना. मग त्यांनीच शोधायला घेतलं. गेमच्या मधल्या भागात एका खोलीत म्हाताऱ्याचा फोटो लावलेला आहे, तोच चुलता, असं एकानं जाहीर केलं. दुसऱ्यानं सांगितलं की शहर दोन भावांनी बांधलं होतं, त्यांच्यात वाटणी झाली, आणि धाकट्याचं यंत्र वेगळं आहे ते अजून चालू आहे. त्यावर व्हिडिओ निघाला. 'चुलता थिअरी' असं त्याचं बारसं झालं. हिंदीवाल्यांनी तीच चाचा थिअरी म्हणून उचलली. आमचा खरा चुलता तेव्हा गोठ्यात म्हशीला गोचीड झालेत म्हणून औषध लावत होता. त्या माणसाला कल्पनाही नाही की तो किती मोठा झालाय. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारीण आत डोकावली, तिला वाटलं सुई टोचली.

मी खाली लिहिलं, चुलता तर संध्याकाळी तो बल्बच काढून न्यायचा. त्यावर दोन दिवस काही नाही. मग उत्तर आलं, 'न्यायचा. पण आईनं तांदळाच्या डब्यात दुसरा ठेवला होता.'

पुढं किती तरी दिवस आम्ही असेच बोललो, बाईसाहेबांच्या आडून. ती परत वर येईल का, असं मी विचारायचे. तो म्हणायचा, दांडी ज्यानं ओढली त्यानंच वर करायला पाहिजे. मी म्हणायचे, त्याचे गुडघे दुखतात आता. बाकीची पोरं विचारायची, गुडघे कुठल्या भागात आहेत? एक दिवस माझा संयम संपला. मी सगळ्यांसमोर लिहिलं, बाईसाहेब गेल्या खड्ड्यात, तू कुठं आहेस ते सांग, आई वाळत चाललीय. तेव्हा कुठं त्यानं वेगळा मेसेज केला. पुण्यातच आहे, तेच चुका शोधायचं काम करतो, दोन वेळचं नीट खातो. आईला सांग, म्हणाला. आणि घरी यायचं विचारलं तर म्हणाला, मार खाल्ला त्याचं काही नाही, तो सगळ्यांसमोर खाल्ला. तशाच तोंडानं मी आळीतून कसा चालू?

आईला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाबांना सांगायची पाळी माझ्यावर आली. मोबाईल घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. खिडकी, चुलता, बल्ब, गुडघे. गुडघ्यांपाशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी विचारलं की एक यंत्र मेलं का जितं, हे बघायला एवढी माणसं जमलीत? मी हो म्हटलं. किती असतील? मी म्हटलं, हजारो.

"मंग तिथंच लिही," बाबा म्हणाले. "चारचौघात हात उचलला, तर चुकलं पन चारचौघातच म्हनायचं. ही तर लई झाली."

आमच्या आळीची रीतच तशी. चूक ज्यांच्यासमोर झाली त्यांच्यासमोर कबूल करायची, घरात कुजबुजून मागितलेली माफी कुणी मोजत नाही. मी त्यांच्या शब्दांत लिहिलं. मंडपात तुला मारलं ती माझी चूक, तुझं काम मला कळलं नाही, बाप. बटण दाबलं. लगेच पोरं तुटून पडली, हा डायलॉग कुठल्या भागातला, हा चुलता बोलतोय का? भावाचं उत्तर रात्री आलं आणि ते फक्त मला. 'ही माणसं नाय बघत होती गो. आळी बघत होती.'

मला असा राग आला! म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा चुकलो म्हटलं आणि याचं तेवढ्यानं भागत नाही. मी चांगलं सुनावलं त्याला. पण बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, बरोबर बोलतोय. भात लावून झालेला होता, वर्षावासाचे पावसाळी तीन महिने चालू होते, विहारात रोज संध्याकाळी वाचन व्हायचं आणि अख्खी आळी बसायची. पौर्णिमेला मी मुरबाडहून आले. बाबांनी पांढरा सदरा घातला. मी भावाच्या नव्या नंबरवर फोन लावला, ऐक म्हटलं, आणि मोबाईल हातात उघडा धरून बायांमध्ये बसले.

वंदना झाली, वाचन झालं, आणि बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांना चार ओळींच्या वर बोलायची सवय नाही. म्हणाले की माझ्या पोराला मी तुमच्या सगळ्यांसमोर मारलं होतं, तो काम करत होता आणि मी त्याला रिकामटेकडा म्हटलं, चूक माझी होती, त्यानं मान खाली घालायचं काही कारण नाही. ज्यानं टोमणा मारला होता तोही तिथंच होता, तो सतरंजीचे धागे ओढत बसला. बाबा खाली बसले. आईनं पदर तोंडाला लावला होता. मी फोन कानाला लावला.

तिकडून बसची घरघर ऐकू येत होती, आणि मग कंडक्टरचा आवाज आला, "शेणवा! शेणव्याची मानसं पुढं या."

म्हणजे हा शहापूरहून निघालेला होता. बाबा उठायच्या कितीतरी आधी पुण्याहून निघालेला. शेणव्यानंतर थोड्याच वेळात किन्हवलीला उतरणार होता.

मी चपला न घालताच विहाराबाहेर आले. म्हटलं, गाढवा, यायचंच होतं तर म्हाताऱ्याला एवढ्या लोकांत उभं कशाला केलंस? ते नसते बोलले तर काय शेणव्याला उतरून परत जाणार होतास?

"नाय गो," तो म्हणाला. "आलोच असतो. पण काळोख पडंस्तवर किन्हवलीच्या स्टँडवरच बसलो असतो, मंग आळीत आलो असतो."