मालधक्क्याच्या उतारावरचा बैल

आमच्या बल्लारपुरात मी लहान असताना सिमेंटचा एक उतार होता आणि ज्यांच्यासाठी तो बांधला, त्यांच्या तो काडीच्या कामाचा नव्हता. रेल्वेच्या मालधक्क्यावर बैलगाड्या चढवताना पावसाळ्यात मातीच्या चढावर चाकं रुतायची. गाडीत बांबू, नाहीतर सागवानाचे ओंडके. गाडीवान ओरडायचे, बैल गुडघे टेकायचे. म्हणून कुणा शहाण्यानं शेजारीच पक्का उतार बांधून घेतला आणि वरून चांगला घोटून गुळगुळीत केला. बैलाच्या खुराला गुळगुळीत जमीन चालत नाही, एवढंच त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. पहिलीच जोडी अर्ध्यावरून जी घसरली ती थेट रस्त्यावर आली. गाडीवानांनी बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ते पुन्हा मातीच्या चढानं जाऊ लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पण जिथे बैल टिकत नाही, तिथे पोरांची चैन. कोळसा खाणीच्या वर्कशॉपातून निकामी बेरिंगं मिळायची. एक फळी, खाली दोन आडवे दांडके, चार बेरिंगं, की झाली गाडी. संध्याकाळी शाळा सुटली की खाणीच्या चाळीतली, रेल्वेच्या क्वार्टरांतली, कारखान्याच्या वसाहतीतली आणि आमच्या जुन्या वस्तीतली अशी सगळी पोरं उतारावर हजर. बेरिंगांचा खरखराट स्टेशनापर्यंत ऐकू जायचा. आणि रोज कुणाचे तरी गुडघे सोलायचे.

गुडघे सोलले की जायचं नर्सबाईंकडे. कारखान्याच्या दवाखान्यात त्या एकट्याच नर्स. अंगानं काटकुळ्या, आवाजानं हवालदार. टिंक्चर आयोडीन त्या अशा ओतायच्या की लागलेलं परवडलं. एकदा एकाच संध्याकाळी त्यांच्याकडे इतकी पोरं रडत गेली, की त्या पदर खोचून आमच्यामागे उतारावर आल्या. हातात चुन्याचा डबा आणि ब्रश होता.

"कोणाले वाचता येते?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. काहींना येत नव्हतं, त्यांनीही केले.

मग मालधक्क्याच्या भिंतीवर बाईंनी हातभर मोठ्या अक्षरांत नियम लिहिले. डोक्याला जाड फडकं बांधल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही. गुडघ्यांना आणि कोपरांना बारदानाचे तुकडे बांधायचे. एका वेळी एकच गाडी सोडायची. खाली रस्त्याच्या वळणावर एकानं उभं राहायचं, बैलगाडी येत नाही हे बघायचं आणि "मोकळं!" म्हणून ओरडायचं. ती हाक ऐकल्याशिवाय वरच्यानं हलायचं नाही. डब्यात थोडा चुना उरला, म्हणून शेवटी त्यांनी हेही लिहिलं: जो रडेल त्याला दोनदा टिंक्चर.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे मुंडासं बांधलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसू लागलो. गावात लोक हसायचे. पण दवाखान्यातली रडारड खरोखरच कमी झाली.

आता माझं. मी चौथीत होते. डोक्याला बाबांचं जुनं धोतर चौपदरी बांधून, गुडघ्यांना बारदान गुंडाळून मी रोज रांगेत उभी राहायचे. नियमांत मुलींना मनाई आहे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि मी ती भिंत तोंडपाठ केली होती. पोरांनी दुसरीच अडचण काढली.

"तुयी गाडी कुठी हाये?"

गाडी नव्हती. आपली गाडी कुणी देईना. मुलगी बसली की गाडी बिघडते म्हणे. इतका संताप यायचा मला. खाली वळणावर उभं राहून "मोकळं!" म्हणून ओरडायचं काम मात्र माझ्याकडे आपसूक आलं होतं, त्याला मुलगी चालत होती.

माझ्याकडे गाडी नव्हती, पण बैल होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, लहान पोरांचा. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून ओढत आणतात. माझा बैल माझ्याही आधी घरात आलेला. बाबा लाकडाच्या डेपोत मुनीम होते. मुलगाच होणार अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी आधीच सागवानाचा एक भला मोठा बैल करून घेतला. झाले मी. बैल काही परत जंगलात लावता येत नव्हता, तो माझा झाला. पाठ चांगली रुंद, वर बसायला ऐसपैस.

त्या वर्षी त्याची लाकडी चाकं पार मोडली होती. मी बाबांच्या मागे भुणभुण लावली आणि त्यांनी खाणीतल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून बैलाला चार बेरिंगं बसवून आणली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "काय बाप्पा, बैलाले कोणी बेरिंग लावते काय?"

मी बैल घेऊन उतारावर गेले, तर पोरांनी पुन्हा अडवलं. हा महादेवाचा नंदी, त्याच्यावर बसलं की पाप लागतं. पापाला मीही भ्याले. प्रकरण नर्सबाईंकडे गेलं. बाई कुणाच्या तरी कानात औषध घालत होत्या, त्यांनी मान वर न करताच निकाल दिला.

"अन् महादेव कशावर बसते मग? घोड्यावर?"

पोरं बाजूला झाली. पण घरी आईनं तोड काढली. बैलाची पूजा व्हायची आहे, तान्ह्या पोळ्याला तोरणाखाली उभा करायचा आहे, तोवर त्याच्यावर बसायचं नाही. तोरण तुटून पोळा फुटला की मग तो खेळण्यातला, मग बस हवी तितकी. हे पोरांनाही पटलं. इतकंच नाही, पोळा फुटल्यावर पहिली पाळी माझी, असंही कबूल झालं. मी दिवस मोजू लागले.

आणि नेमकं तेव्हाच एका पोरानं, खालच्या हाकेची वाट न बघता, फडकं न बांधता गाडी सोडली आणि हात मोडून घेतला. मालधक्क्याचा हिशेब ठेवणारे रेल्वेचे बाबूजी ऑफिसातून चवताळून बाहेर आले. हे मालबाबू म्हणजे नाकावर राग बसवूनच जन्मलेले. काळा कोट, काळी टोपी, पांढरं धोतर. बेरिंगांच्या आवाजानं त्यांचं डोकं उठायचं. ते सगळ्यांसमोर गरजले, "अजून एकाचं जरी हाड मोडलं, तर दुसऱ्या दिवशी इथी काटेरी तार लावतो. खेळ खलास!"

ते बोलतील तसं करणारे होते. सगळ्यांनी महिनोन् महिने मजा केली होती, मला एकदाच, फक्त एकदाच खाली यायचं होतं, आणि माझी पाळी येण्याआधीच कुणीतरी धडपडलं की संपलं. त्यानंतर मी वळणावर अशी उभी राहायचे की कोतवालानं शिकून घ्यावं. कुणाचं फडकं सैल दिसलं तरी मी "मोकळं" म्हणत नसे. पोरं मला शिव्या द्यायची. देऊ देत.

तान्हा पोळा आला आणि पावसानं गावातलं मैदान चिखलाचं करून टाकलं. लाकडी बैल चिखलात ओढायचे कसे? मोठी माणसं जमली, विचार केला आणि ठरवलं की यंदा पोळा मालधक्क्यावर भरवू. उताराच्या वरच्या तोंडाशी सपाट, कोरडी, पक्की जागा आहे. तोरण बांधायला बाबूजींनाच बोलावू म्हणजे तेही नाही म्हणणार नाहीत. बाबूजी नाही म्हणाले नाहीत. उलट कोटाला इस्त्री करून आले.

आता पुढे काय होणार, हे कुणाच्याही डोक्यात येऊ नये? वर्षभर पोरांच्या हाती बेरिंगं खेळत होती. माझंच पाहून निम्म्या पोरांनी आपापल्या बैलांना बेरिंगं लावून घेतली होती. असे सगळे बैल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, उताराच्या तोंडाशी रांगेनं उभे. माझा सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत पुढे. मी आपली चाकाखाली विटेचा तुकडा लावला होता. समोर दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण, आणि तोरणाखाली बैलांकडे पाठ करून, हातात काठी घेऊन बाबूजी. त्यांच्या पायाशी उतार सुरू होत होता.

त्यांनी काठी उगारली, तोरण तोडलं. "हर हर महादेव!" करून सगळी पोरं एकदम उसळली. पोळा फुटला की पुढे धावायचं, हे आमच्या अंगातच असतं, त्याला कोण काय करणार. मागून असा रेटा आला की वीट कुठल्या कुठे गेली. माझ्या हातून दोर सुटला. बैल निघाला, बाबूजींच्या गुडघ्यांना मागून लागला, आणि बाबूजी त्याच्या पाठीवर बसले.

बसले म्हणजे व्यवस्थित बसले. महादेवही इतके नीट बसत नसतील. दोन्ही हातांनी शिंगं धरलेली, धोतर मागे फडफडतंय, टोपी पहिल्या हातभरातच उडाली. त्यांच्यामागून बाकीचे बैल घुंगरं वाजवत सुटले. वळणावर "मोकळं" म्हणायला कोणीच नव्हतं, कारण ते काम करणारी मी वर उभी होते. आणि खालून खरोखरच एक बांबूची गाडी येत होती. खऱ्या बैलांनी बेगडाच्या शिंगांचा तो कळप आपल्यावर चालून येताना पाहिला आणि गाडीसकट रस्ता सोडून बाजूच्या चिखलात उतरले. गाडीवान म्हातारा होता, जंगलातल्या गावचा. त्यानं हात जोडले. बाबूजींना की नंदीला, देव जाणे. बाबूजी रस्ता ओलांडून पलीकडच्या चिखलात बैलासकट रुतले.

आम्ही सगळे खाली पळालो. हसावं की रडावं कळेना. बाबूजी पाय धरून कण्हत होते. मी मात्र रडले, मोठ्यानं भोकाड पसरून. हाड मोडलं असणार. तार लागणार. आणि तीही माझ्याच बैलामुळे.

नर्सबाई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी पाय दाबून पाहिला, फिरवून पाहिला. बाबूजींनी स्टेशनाकडे तोंड करून हाक मारावी तसा आवाज काढला.

"हाड शाबूत हाये," बाई म्हणाल्या. "मुरगळला हाये नुसता." मग भिंतीकडे बोट दाखवून शांतपणे, "डोक्याले फडकं काऊन नाई बांधलं, बाबूजी?"

बाबूजींनी बाही वर केली. कोपर खरचटलं होतं, त्यावर टिंक्चर पडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडले नाहीत. सगळी पोरं श्वास रोखून बघत होती, कारण रडले असते तर बाईंनी दोनदा लावलंच असतं.

पायाला पट्टी बांधली. सूज उतरेपर्यंत चढायचं नाही, असा बाईंचा हुकूम झाला. त्यामुळे बाबूजींना वरच्या ऑफिसात जाता येईना. दुसऱ्या दिवसापासून हमालांनी त्यांची खुर्ची आणि टेबल खाली, वळणावरच्या चिंचेखाली मांडलं. तिथून रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर दिसायचा. पाय स्टुलावर ठेवून ते तिथे कामं करायचे आणि मान वर केली की समोर उतार.

तारेचं कुणी नाव काढलं नाही, पण गाडीही कुणी काढेना. पोरं लांबूनच बघून परत जायची. एवढी शूर पोरं, पण त्या खुर्चीसमोरून खाली यायचं म्हटलं की सगळ्यांचीच पाचावर धारण बसायची. उतार तसाच पडून राहिला. मला वाटलं, आता तार लागली काय अन् न लागली काय.

शेवटी मलाच राहवेना. रोज तेच मनात घोळवून घोळवून मी चिडले होते. माझी पाळी कबूल झाली होती, पोळा फुटला होता, हाड मोडलं नव्हतं. मी डोक्याला धोतर बांधलं, गुडघ्यांना, कोपरांना बारदान गुंडाळलं, गाठी दोनदा आवळल्या आणि बैल ओढत उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. बैलाच्या कानात अजून चिखल होता.

खाली बाबूजींनी मान वर केली. त्यांनी बैलाला ओळखलं. मी बैलावर बसून पाय खाली टेकवले होते आणि पुढे काय करावं मला सुचेना, कारण वळणावर दुसरं कुणीच नव्हतं, आणि हाकेशिवाय सुटायचं नाही हा नियम. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. मी मनातल्या मनात उतरण्याची तयारी केली, बैलावरून, आणि घरी जाण्याची.

मग बाबूजींनी हातातला टाक ठेवून दौत बाजूला सारली. चष्मा सरळ केला. खुर्चीतल्या खुर्चीत वळून त्यांनी रस्ता चांदा शहराच्या बाजूला पाहिला, मग नदीच्या बाजूला पाहिला, पुन्हा एकदा शहराच्या बाजूला पाहिला.

"मोकळं!"

मी पाय उचलले. त्यानंतरचं मला फारसं सांगता येणार नाही. बेरिंगं ओरडत होती की मी, तेही आठवत नाही. वारा तोंडात शिरला, पोट मागेच राहिलं, आणि मला इतका आनंद झाला की तसा पुढे लग्नातही झाला नाही. बैल चिंचेजवळ, खुर्चीच्या अलीकडे येऊन थांबला.

बाबूजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फडकं, कोपर, गुडघे.

"भेव लागला काय?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"मले बी लागला होता," ते म्हणाले, आणि दौत जवळ ओढत पुन्हा रस्त्याकडे वळले. "जाय वर. गाडी येऊन राह्यली एक. ती गेली की सांगतो."