पितळेच्या डब्यातली कढी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. किती माझी, ते मात्र मला अजूनही नीट कळलेलं नाही.

राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्या वर्षांतली गोष्ट. बऱ्हाणपुरात आम्ही विणकरांच्या गल्लीत भाड्याने राहायचो. गल्लीच्या तोंडाशी एक विधवा बाई खिचडी-कढी विकायची. बसून खायला जागा नव्हती. ज्याने त्याने घरून भांडं आणायचं, ती भरून द्यायची. एका सकाळी मी पितळेचा डबा नेला. तिने आत डोकावून पाहिलं.

"भाऊ, कल्हई गेली याची. कढी आंबट आहे, पितळेत कळकेल, पोटाला बाधेल. दुसरं भांडं आण ना."

"मावशी, तू कढी दे. डब्याची परीक्षा राहू दे."

"घे बाबा. शिकलेला माणूस तू, मी काय सांगणार!"

रांगेतले हसले. मला ते झोंबलं.

कढी दुपारपर्यंत त्याच डब्यात राहिली. जेवल्यावर मला आणि बायकोला उलट्या सुरू झाल्या. तिला तर दोन दिवस उठवेना. मी घाबरलो, चिडलो आणि नगरपालिकेत लेखी तक्रार दिली: बाईचं अन्न नासकं आहे. डब्याचा उल्लेख केला नाही. विसरलो की टाळला? खरंच सांगता येत नाही. साहेब नवे होते, बाहेरून आलेले. त्यांनी तिचं पातेलं गटारात ओतायला लावलं आणि चूल बंद केली.

मग शेजारीण म्हणाली, "तीच कढी आम्हीपण खाल्ली की. काही नाही झालं."

पण त्याच आठवड्यात पलीकडच्या घरी दोघांना जुलाब झाले, आणि त्यांनी कढी आणलीच नव्हती. मग नळाचं पाणी? की तिच्या रांजणाचं? त्यावर झाकण नसायचं, हेही मी पाहिलं होतं. रोज एक कारण धरायचो, दुसऱ्या दिवशी सोडायचो. तिची चूल थंडच होती. ती आता जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, आणि विणकर चहावरच पाळीला निघायचे.

शेवटी तक्रार मागे घ्यायला गेलो. डब्याचंही लिहून दिलं. साहेब म्हणाले, "पहले शिकायत, अब ये? तय कर लो, भाई." तरी त्यांनी तिची चूल पुन्हा सुरू करायची लेखी परवानगी दिली.

तो कागद घेऊन तिच्या दारात गेलो.

"मावशी, कशानं झालं ते मला माहीत नाही. पण तुझ्या कढीनं झालं असं मी खात्रीनं लिहिलं, आणि तशी खात्री मला नव्हती. माफ कर."